लेबल न खरवडलेली बाटली

माझी मावशी वैजयंती हिच्यावर अन्याय झाला तो यंदाच्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळी पावणेसातला, दोह्यातल्या अल हिलाल भागातल्या एका व्हिलाच्या दिवाणखान्यात, तिळाच्या वड्यांचं ताट आणि गुलाबदाणी यांच्या मधोमध. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी उन्हाविषयी, वासांविषयी आणि एका दूरच्या समुद्रकाठच्या द्राक्षांविषयी बरंच बोलणार आहे, आणि त्या बोलण्यात मूळ गोष्ट विरघळून जायला नको. कॉलेजच्या दिवसांत चळवळीची पत्रकं लिहूनलिहून माझा हात तयार झालाय. पत्रकाच्या पहिल्या ओळीत अन्याय असतो आणि शेवटच्या ओळीत मागणी. मधलं कोणी वाचत नाही, असं आमच्या संघटनेतल्या ताई म्हणायच्या. इथे मात्र सगळं मधल्यातच आहे.

दोह्यातला जानेवारी हा वर्षातला सर्वांत सुसंस्कृत महिना. उन्हाची धार बोथट झालेली असते, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला किंचित ओलसर गारवा असतो, आणि संध्याकाळ वाळूच्या रंगाच्या भिंतींवर इतकी सावकाश उतरते की तिला कुठे जायची घाई नाही असं वाटावं. त्या संध्याकाळी इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान नुकतीच संपली होती. व्हिलाच्या दारात चपलांचा ढीग, आत ऊद आणि तीळ यांचा एकमेकांत मिसळलेला वास, काळ्या साड्यांची सळसळ. मावशीही काळी चंद्रकळा नेसली होती. वसंतकाका, म्हणजे तिचे यजमान, दीड वर्षापूर्वी गेले. त्यानंतर हळदीकुंकवाला जाण्याची तिची ही पहिलीच वेळ. आमंत्रणात मुद्दाम लिहिलं होतं की सर्व स्त्रियांनी यावं, कोणताही भेद नाही. ते वाचून मावशी बराच वेळ फोन हातात धरून बसली होती आणि मग म्हणाली होती, "बरं लिहिलंय गो. जाऊया."

प्रत्येकीने काही ना काही न्यायचं होतं. मावशीने नेलं अमृतकोकम. वेंगुर्ल्याला तिच्या माहेरी मे महिन्यात कोकमं साखरेत मुरत घालतात, उन्हात ठेवतात, आणि बरणीत हळूहळू जो दाट लालभडक रस सुटतो, तो तिची वहिनी प्लास्टिकच्या डब्यात भरून कुणाच्या तरी सामानातून दोह्याला पाठवते. दोह्यात आल्यावर मावशी तो काचेच्या बाटलीत ओतते. प्लास्टिकात कोकमाची चव मरते असं तिचं म्हणणं. आणि काचेची बाटली फेकायची नाही हे तर आपल्या घराघरांतलं अलिखित कलम आहे: मधाची बाटली तेलाला, जॅमची बाटली मोहरीला, फिनेलची मात्र फिनेललाच. मावशीच्या स्वयंपाकघरात ज्या उंच, खांदेदार, गर्द हिरव्या बाटल्या कोकमासाठी राखून ठेवलेल्या आहेत, त्या मुळात दक्षिण फ्रान्समधल्या एका तांबड्या वाइनच्या आहेत. आणि त्यांच्यावरचं लेबल तिने कधीच खरवडलेलं नाही.

हे लेबल मला पाठ आहे. पिवळट कागद, त्यावर एक टेकडी, टेकडीवर सुरूसारखी दोन टोकदार झाडं, वर अर्धा सूर्य, खाली निळ्या शाईची एकच रेघ. ती रेघ म्हणजे भूमध्य समुद्र, असं काका सांगायचे. तरुणपणी कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी त्या रेघेच्या काठी सहा महिने पाठवलं होतं. निफाडच्या द्राक्षबागेत वाढलेला मुलगा तो. परदेशात पोहोचल्यावर पहिल्या रविवारी चर्च पाहायला न जाता वेली पाहायला गेला. तिथल्या वेली मांडवावर चढवलेल्या नव्हत्या, गुडघ्याएवढ्या खुज्या होत्या, दगडगोट्यांच्या जमिनीत एकेकट्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या वाऱ्याला ऊन लागून तापलेल्या रानझुडपांचा, ओव्याच्या जवळपास जाणारा, वास होता. ज्या बाईंच्या घरी ते भाड्याने राहिले, त्या रात्रीच्या जेवणाला ही वाइन साध्या पाणी प्यायच्या पेल्यात ओतत, नखरे न करता, आपल्याकडे ताक वाढतात तशी.

ती वाइन एका द्राक्षाची नसे. तीन द्राक्षांची असे. काका ही गोष्ट सांगायला लागले की मावशी हातातलं काम न थांबवता हसायची, कारण तिला ती तोंडपाठ होती. ग्रेनाश हे उन्हाचं लाडकं द्राक्ष, त्याच्याकडून ऊब आणि गोडवा. सिराहकडून रंग, आणि घशात मागे राहणारी मिरीची चुणूक. आणि तिसरं मूर्वेद्र, हट्टी, सगळ्यांच्या शेवटी पिकणारं, ज्याला समुद्राचा वारा लागल्याशिवाय गोडी येत नाही. तिन्हींचा रस आधी वेगवेगळा मुरवायचा, प्रत्येकाला आपला स्वभाव पुरा करू द्यायचा, आणि मगच एकत्र आणायचं. "म्हणजे गोडा मसालाच की," मावशी म्हणायची. "धने वेगळे भाजायचे, खोबरं वेगळं, तीळ वेगळे. सगळं एकदम कढईत घातलंत तर करपून बसेल." काका यावर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे खूश होत. पुढे दोह्यात नोकरी लागली, लग्न झालं, आणि बऱ्याच वर्षांनी, परमिटवर जिथे दारू मिळते त्या शहराबाहेरच्या दुकानात, काकांना तेच लेबल फळीवर दिसलं. तेव्हापासून दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला, मार्चच्या अखेरीस, एक बाटली. तीन संध्याकाळी पुरायची. मावशी दोन बोटं प्यायची.

हो, प्यायची. हे मी लपवणार नाही. तिची बाजू मांडताना "तिने तर कधी थेंबही घेतला नाही हो" असं म्हणणं सोपं गेलं असतं, आणि तुम्हीही हळहळला असता. पण तशा हळहळीचा मला काही उपयोग नाही.

आणि हे मी कोण सांगतेय तेही ऐका. कॉलेजात असताना मी नाशिक जिल्ह्यातल्या गावागावांतून दारूबंदीचं काम केलं आहे. आपल्याकडे गावातल्या बायका मतदान करून दारूचं दुकान बंद पाडू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले की दुकान बंद. शाळांच्या भिंतींवर गेरूने मी इतक्या आडव्या बाटल्या काढल्या आहेत की डोळे मिटूनही काढीन. चुलीपाशी बसून ज्या बायकांनी आपली मनगटं मला दाखवली, त्यांची मनगटं मी विसरलेले नाही, आणि ती मोहीम आजही माझी आहे. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आले, मावशीच्या बिन महमूदमधल्या फ्लॅटवर उतरले, आणि तांदळाच्या डब्यामागे ती सीलबंद बाटली पाहिली, तेव्हा माझा चेहरा असा काही झाला की काका हातातला पेपर टाकून हसायला लागले.

"काय झालं गं? तुझ्याच पक्षाची आहे ती. बघ, आडवी ठेवलीय."

मग समजावून सांगितलं की बूच ओलं राहावं म्हणून वाइनची बाटली आडवीच ठेवतात. उभी ठेवली की बूच सुकतं, हवा आत शिरते आणि आतलं सगळं हळूहळू आंबट होतं. मी म्हटलं, काका, माझ्यासमोर असले युक्तिवाद करू नका. ते म्हणाले, "युक्तिवाद कसला, बूच आहे." त्यानंतर माझं त्यांच्याशी जे काही भांडण झालं ते चार महिने पुरलं. त्यापुढे भांडायला काका राहिले नाहीत. पुढच्या वाढदिवसासाठी आधीच आणून ठेवलेली ती बाटली तशीच तांदळाच्या डब्यामागे राहिली.

तर त्या शुक्रवारी. मावशीने वड्यांच्या ताटाशेजारी बाटली ठेवली आणि पेले मागितले. यजमानीणबाईंनी, त्यांना मी अनघावहिनी म्हणते, लेबलाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अहो, हे काय आणलंत? आणि आजच्या दिवशी?"

"कोकम आहे," मावशी म्हणाली. "वास घेऊन बघा."

"वास कशाला घ्यायचा? दिसतंय ना."

मागून कोणीतरी पुटपुटलं की काकांना होतीच म्हणे सवय. दुसरी म्हणाली, मुलं आहेत घरात. आणि मग एका नीटनेटक्या हाताने ती बाटली मानेला धरून उचलली, दारापर्यंत नेली आणि बाहेर चपलांच्या फळीवर ठेवून दिली. मावशी तिळगुळाची वाटी हातात घेऊन बसून राहिली. थोड्या वेळाने हळदीकुंकवाचं तबक फिरत आलं. माझ्याशेजारच्या बाईंना लागलं, मग मला लागलं, मग तबक मावशीसमोर क्षणभर थांबलं, अगदी स्पष्ट थांबलं, आणि पुढच्या खुर्चीकडे गेलं.

विधवा म्हणून, की बाटली म्हणून? हे आजतागायत आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. एकच कारण असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. दोन कारणं एकमेकांच्या आड उभी राहिली की दोन्हींना हसतमुख राहता येतं.

मी उठले. उठताना माझी नजर खिडकीशी गेली. तिथे संगमरवरी चौथऱ्यावर मनी प्लांटचा एक सुरेख वेल वाढला होता, उंच, खांदेदार, गर्द हिरव्या बाटलीत. तिच्यावर लेबल नव्हतं; लेबलाच्या जागी घासून गुळगुळीत केलेला आयत होता, आणि त्याच्या कडेला जुन्या गोंदाचा एक करडा ओरखडा राहून गेला होता. "वहिनी," मी म्हटलं, "तुमच्या मनी प्लांटची बाटली कुठल्या सरबताची?"

अनघावहिनींनी खिडकीशी जाऊन वेलाची दोन पानं त्या ओरखड्यावर ओढून घेतली. त्यांच्या घरी आलेली वाइन चांगली होती की वाईट, कोणी प्यायली, याच्याशी मला कर्तव्य नाही. मौजेने प्यायले असतील, कल्याण असो. माझं भांडण त्या ओरखड्याशी आहे. लेबल खरवडलं की बाटली सोवळी होते, आणि जी बाई खरवडत नाही ती घराबाहेर, चपलांच्या शेजारी.

टॅक्सीत मावशी बाटली दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती. रस्त्याच्या दिव्यांचा उजेड हिरव्या काचेतून तिच्या बोटांवर पडत आणि विझत होता. मग म्हणाली, "झालं तुझं पत्रक वाचून?"

"मावशी, ते लेबल तू काढून टाकलं असतंस तर—"

"कित्याक? माझ्या घरातला काय लपवायचा आसा माका?" ती चिडली की मालवणीत जाते. मग खिडकीबाहेर बघत, नेहमीच्या मराठीत, अगदी हळू: "त्यांनी ते चित्र दाखवून मला तो गाव सांगितला गं. खरवडून कसं टाकू?"

इथे ही गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसले नसते. मावशी शाळेत शिकवते. पण शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ती स्वतःच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेते, गेली कित्येक वर्षं, हौसेने. इंग्रजी शाळांतली मुलं, ज्यांना मराठी कळतं पण तोंडातून इंग्रजीच येतं. मावशी विचारते, "आज काय खाल्लंस?" मूल म्हणतं, "आय हॅड पोहे." मावशी शांतपणे म्हणते, "पोहे मराठीत खाल्लेस की इंग्रजीत?" आणि मूल खुदकन हसून पुन्हा सांगतं. जमिनीवर सतरंजी, मध्ये पाट्या, आणि वर्ग संपला की प्रत्येकाला पेलाभर कोकम सरबत. त्याच बाटल्यांतून, वर्षानुवर्षं. मुलांनी त्या चित्रातल्या सूर्याला नाव ठेवलं होतं. निबंधातही त्यांच्या टेकड्यांवर तीच दोन टोकदार झाडं यायची.

संक्रांतीनंतर वर्गाच्या ग्रुपवर पालकांचे निरोप यायला लागले. या शुक्रवारी टेनिस आहे. परीक्षा आहे. पाहुणे आहेत, इन्शाल्ला पुढच्या वेळी. एकाही निरोपात कारण नव्हतं आणि प्रत्येक निरोपात तेच होतं. सतरंजी दर शुक्रवारी थोडी रिकामी होत गेली. अनघावहिनींची ईरा, जी सर्वांत पुढे बसायची आणि जिला 'ळ' म्हणता आला तेव्हा तिने घरभर ळळळ करत उड्या मारल्या होत्या, ती पहिल्याच आठवड्यापासून बंद झाली. मार्चच्या मध्यावर एका शुक्रवारी कोणीच आलं नाही. मावशीने तरी पाट्या पुसून मांडल्या, अकरा वाजता पुन्हा उचलल्या आणि म्हणाली, "या महिन्याअखेर बंद करते. खलास. आपण दार उघडून बसायचं आणि त्यांनी समोरून गाडी न्यायची, हे बरं दिसत नाही."

वर्ग बंद करायचा ठरला तो महिना लग्नाच्या वाढदिवसाचा. वाढदिवसाच्या संध्याकाळी आकाश धुळीने फिकट केशरी झालं होतं. समोरच्या इमारतीच्या काचांवर मावळतीचं ऊन असं अडकलं होतं की जणू कोणी ते उतरवून घ्यायला विसरलं. मावशीने तांदळाचा डबा सरकवला, बाटली काढली आणि पुरणयंत्राच्या जाळ्यांच्या खणातून काकांचा बूच काढायचा स्क्रू शोधला. बूच ओलंच होतं. अर्ध्यावर कुरकुरलं आणि मग मऊ आवाज करून निघालं. पाणी प्यायच्या पेल्यात तिने दोन बोटं ओतली.

"तू नको पिऊस," ती म्हणाली. "नुसता वास घे."

मी घेतला. काय सांगू? आधी जांभळं, जास्त पिकून जमिनीवर पडलेली. मग तापलेला दगड. मग मिरी, अगदी मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. आणि या सगळ्यांच्या खाली काहीतरी कोरडं, रानातलं, ओव्याच्या जवळपास जाणारं. ज्या टेकडीवर मी कधी गेले नव्हते तिच्यावरचा वारा मला ओळखता आला, कारण काकांनी तो भांडताभांडता चार महिने माझ्या कानांत भरला होता. माझी आडवी बाटली जागची हलली नाही. ती अजून शाळेच्या भिंतीवर आहे आणि तिथेच राहील. पण नाकाला जे कळलं ते कळलं.

मावशीने घोट घेतला आणि पेला उजेडात धरला. "मी कधी गेलेच नाही तिकडे," ती म्हणाली. "दर वर्षी जाऊ म्हणायचे. राहिलं. पण त्या बाईंच्या घरापासून वेलींपर्यंत कसं जायचं ते तू मला आत्ता विचार, डाव्या हाताला विहीर लागते इथपर्यंत सांगीन." आणि हसली, कोणीतरी चोरी पकडल्यासारखी.

तेव्हा मला ती रिकामी सतरंजी दिसली. ईरा वेंगुर्ल्याला गेलेली नाही. पोहे इंग्रजीत खाणाऱ्या त्या मुलाने निफाडची बाग पाहिलेली नाही आणि बहुधा पाहणारही नाही. त्यांच्यासाठी आपला सगळा प्रदेश म्हणजे एका चित्राच्या तळाशी ओढलेली निळी रेघ. तिथे कसं जायचं हे त्यांना कोणाच्या तरी बोलण्यातूनच कळणार, जिभेवर ठेवलेल्या एखाद्या आंबटगोड घोटातून कळणार. न पाहिलेल्या गावाची आठवण येऊ शकते. माझ्या मावशीला येते. पण ती कोणीतरी द्यावी लागते, आणि देणाऱ्याने आपल्या बाटलीवरचं चित्र शाबूत ठेवावं लागतं.

वाइन तीन संध्याकाळी पुरली. चौथ्या दिवशी मावशीने बाटली गरम पाण्याने विसळली, लेबलाला पाणी लागू नये म्हणून तळहाताने झाकून धरली, आणि खिडकीत पालथी घातली. ती सुकल्यावर तिच्यात शेवटच्या डब्यातलं कोकम ओतलं. वर्ग बंद करण्याचं पुन्हा बोलली नाही, चालू ठेवण्याचंही नाही. फक्त सतरंजी उन्हात टाकून झटकली.

आता मागणी. हे वाचणाऱ्यांपैकी काहीजणी त्या दिवाणखान्यात होत्या, आणि जे नव्हते त्यांच्याही घरात एखादी घासून पुसलेली बाटली आहेच. मला माफी नको, खुलासा नको, ग्रुपवर फुलांचे फोटो तर मुळीच नकोत. येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता मुलांना बिन महमूदला पाठवा. आणि गाडीत बसून राहू नका. त्यांच्याबरोबर वर या, सतरंजीवर बसा, मावशी पेला पुढे करील तो हातात घ्या, आणि पिण्याआधी, तिने सांगितलं होतं तसा, एकदा वास घ्या.